आळे ते कॅलगरी, व्हाया पारगाव

पारगाव, ता. आंबेगाव
१२ सप्टेंबर २०२४

सौ. प्रयागताई यांना वैजयंतीचा नमस्कार.

फोनवर आपल्या दोघींचं बोलणं जरा लांबलं की आवाज चढतात. म्हणून साखरपुड्यानंतर तुमच्या मालकांनी, हौशीरामभाऊंनीच नियम घालून दिला की विहिणींनी एकमेकींना काय ते लिहून कळवावं. तो मी आजवर पाळते आहे. सयाजीचा दुधाचा टेम्पो आळेफाट्यावरून जातो, त्याच्या हाती हे पत्र देते. उत्तरही त्याच्याकडेच द्यावं.

आपली संस्कृती आई होणार, ही गोड बातमी तुम्हाला तिच्याकडून कळलीच असेल. "आपली" म्हणते, कारण लग्नानंतर मुलगी दोन्ही घरांची असते, किंबहुना सासरची जरा जास्तच. फेब्रुवारीत बाळंतपण आहे. कानावर असं आलं की त्यासाठी तुम्ही कॅनडाला, कॅलगरीला जायचं ठरवलं आहे. पोरांच्या घरात जादा खोली एकच, म्हणजे आपल्यापैकी एकीनेच जायचं. तुमची हौस मी समजू शकते. पण ताई, अंतर पाहिलंत का? मी शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून काळजीने सांगते. मुंबईपासून कॅलगरी हवाई मार्गाने बारा हजार किलोमीटर आहे. प्रवास छत्तीस तासांचा, त्यात दोनदा विमान बदलायचं. माझ्या गोकुळनेच मला सांगितलं, आणि तो तिथे राहतो.

कल्याणच्या लग्नाला जाताना माळशेज घाटात तुम्हाला एस.टी. दोनदा थांबवावी लागली होती. विमान असं कडेला घेत नाहीत.

बाकी आमचे हे बरे आहेत. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून दिवसभर ओट्यावर बसून उसाचे ट्रॅक्टर मोजतात.

आपली,
वैजयंती

॥

आळे, ता. जुन्नर
१७ सप्टेंबर २०२४

वैजयंतीबाईंना प्रयागबाईचा रामराम.

पत्र पोचलं. तुमी माझी एवढी काळजी करता ह्ये वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी कांदा चिरत व्हते, पण थोडं पाणी तुमच्यासाठीबी असंल.

घाटात उलट्या झाल्या ह्ये खरं. पण आदल्या दिशी तुमच्याकडं बासुंदीचं जेवण व्हतं, तेबी ध्यानात घ्या.

बाई, पहिलं बाळंतपण म्हायेरचं असतं. आता पोरगी म्हायेरी येऊ शकत न्हाई, मग म्हायेरानंच तिकडं जायाला पायजे. ह्यात माझी हौस न्हाई, रीत हाय. तुमची तयारी चालल्याचं मलाबी समजलंय. तुमचे गुडघे दुखत्यात, बीपीची गोळी चालू हाय. विमानात पाय लांब करता येत न्हाईत म्हणं. आन छत्तीस तास तुमाला कुणी सांगितलं? संस्कृती म्हणती चाळीस तास लागत्यात, विमान तीनदा बदलाया लागतं. तिच्या पोटात लेकरू हाय, ती खोटं कशाला बोलंल?

दुसरं म्हंजी तिकडं घराच्या मागं अस्वलं येत्यात. मला त्याचं काय वाटत न्हाई. आमच्या उसात बिबट्यानं पिलं घातलीत, ऊसतोड थांबवून आमी वनखात्याची वाट बघत बसतो. तुमी शाळेतल्या बाई. तुमाला असल्याची सवय न्हाई.

तवा तुमी घरी आराम करा. बाळाचा फोटू मी रोज पाठवीन.

तुमची,
प्रयागबाई

॥

पारगाव
२३ सप्टेंबर २०२४

प्रयागताईंना नमस्कार.

आधी बिबट्याचं. तो पारगावातही आहे. मागच्या महिन्यात आमच्या अंगणातून दोनदा गेला. दुसऱ्या वेळी तर मी तुळशीला पाणी घालत होते आणि तांब्या हातातून सोडला नाही. तेव्हा बिबट्यावर आळ्याचा एकट्याचा हक्क आहे असं समजू नये.

आता अंतराचं. मी बारा हजार किलोमीटर लिहिलं ते सरळ रेषेतलं. ती रेषा उत्तर ध्रुवाजवळून जाते आणि त्या वाटेने आपल्याकडून एकही विमान सोडत नाहीत. विमान लंडनवरून जातं, म्हणून प्रत्यक्षात अंतर चौदा हजारांच्या पुढे भरतं. तुम्ही एक विमान जास्त सांगता आणि मी एक कमी, यात कुणाचं बरोबर हे ठरवायला आपल्याकडे दोन साक्षीदार आहेत. माझा इंजिनियर आहे. तुमची डोहाळ्यांत आहे.

लंडनचा विमानतळ म्हणजे मंचरच्या बाजारात एकाच वेळी दहा गावांच्या यात्रा भराव्यात तसा असतो. पाट्या इंग्रजीत. चुकलं की माणूस भलत्याच देशात. मी निदान तिरुपतीला विमानाने जाऊन आले आहे.

तुम्ही डिंकाचे लाडू छान करता, हे मी कुठेही मान्य करीन. ते सयाजीकडे डब्यात भरून द्या. ते संस्कृतीच्या हाती पोचतील, हा माझा शब्द. मी परवाच नारायणगावहून लोकरीचा कोट आणि हातमोजे आणले आहेत. आमचे हे म्हणाले, पारगावात हे घालून कुठे जाणार? मी म्हटलं, जिथे जायचं तिथे.

आपली,
वैजयंती

॥

आळे
३ ऑक्टोबर २०२४

वैजयंतीबाईंना रामराम.

तुमचं पत्र आल्यापासून मला झोप न्हाई. तुमचा आकडा एक आन माझा एक. शेवटी आमचे मालक नारायणगावला तिकिटं काढून देणाऱ्या पोराकडं गेले. मोबाईलवर नको, म्हणले, तुझ्या मोठ्या पडद्यावर दाव. त्यानं दावलं. बाई, एकदाच विमान बदलायचं, लंडनला. मधे बसून राहायचा वेळ धरून सगळा मिळून एक दिवस लागतो. चोवीस तास. कधी एखादा तास वर.

म्हंजी माझ्या लेकीचे चाळीस न्हाईत आन तुमच्या लेकाचे छत्तीसबी न्हाईत.

मला वाटलं पोरगी चुकली असंल. काल फोनवर पुन्यांदा इचारलं, तर म्हणाली, "आई, आता चव्वेचाळीस लागतात, हिवाळ्यात वारा उलटा असतो." बाई, कॅलगरी जागची हालंना आन तास मात्र वाढत चालले. मी तिची आई हाय. ती खोटं बोलताना जरा गोड बोलती, ह्ये मला ती तिसरीत असल्यापासून ठावं हाय.

मग मला उमगलं. तिला मी नको, तुमी पायजे. तिनं मला गणपतीच्या आधीच सांगितलं व्हतं की सासूबाईंचं तिकीट झालं, खोली एकच हाय, तू उगा जिवाला लावून घेऊ नको. मी ते तुमाला लिवलं न्हाई. मनात म्हणलं, तुमी थकून माघार घ्याल.

आता मीच घेते. लाडू बांधून ठेवलेत, डबा सयाजीकडं देते. तिला गरम पाण्यानं शेकायचं, पाठ पहिली, मग पाय. ती नको नको म्हणंल, तिकडं ध्यान द्यायचं न्हाई. आन ती रडली तर तिला काय बोलू नका, नुसतं जवळ बसा. लहानपणापासून तिचं तसंच हाय.

तुमचं तिकीट कवाचं हाय तेवढं कळवा. त्या दिशी मी ओझरच्या गणपतीला जाऊन येईन.

प्रयागबाई

॥

पारगाव
४ ऑक्टोबर २०२४

प्रयागताई,

डबा मिळाला. डबा परत पाठवते आहे, लाडवांसकट.

कसलं तिकीट? मी तिकीट काढलेलंच नाही. मला गोकुळने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की "सासूबाईंचं तिकीट झालंय, खोली एकच आहे, तू वाईट वाटून घेऊ नको." म्हणूनच तर मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. तुम्ही घाबरून बेत रद्द कराल आणि मग जागा मला मिळेल, असा माझा हिशोब होता. कोट आणि हातमोजे त्या भरवशावर आणले.

तुमचं पत्र वाचून मी सरळ गोकुळला फोन लावला. आधी तो म्हणाला, आवाज येत नाही. मी म्हटलं, मला तुझा येतोय. मग त्याने पुष्कळ वेळ इंटरनेटला दोष दिला. वर्गात गृहपाठ न केलेली मुलं जशी बोलतात तसंच सगळं. शेवटी एकदाचं बोलला, "आई, तुम्हा दोघींना एका घरात ठेवायची आमची हिंमत नाही. आणि एकीलाच बोलवलं तर दुसरी जन्मभर ऐकवील. म्हणून कुणीच नको असं ठरवलं. बाकी काही नाही गं."

म्हणजे तुम्हाला माझी भीती दाखवली आणि मला तुमची. आपण दोघी महिनाभर एकमेकींना अडवत बसलो आणि तिकडे दोघं निवांत. संस्कृतीला मी हवी आहे असं तुम्हाला वाटलं, म्हणून लिहिते: तिला मीही नको आहे.

तुम्ही शेकण्याचं लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. मला ते तसं जमलं नसतं.

वैजयंती

॥

आळे
८ ऑक्टोबर २०२४

वैजयंतीबाई,

आपण दोघी जायाचं.

खोली एक हाय तर एका खोलीत दोघी. इचारायचं न्हाई, कळवायचं. आमचे मालक त्या नारायणगावच्या पोराकडं दोघींचे कागद घेऊन जातो म्हणालेत, तुमचे सयाजीकडं द्या. पोरांकडनं जे बोलावण्याचं पत्र लागतं ते गोकुळरावांकडनं तुमी मागून घ्या. तुमच्या फोनला ते आता न्हाई म्हणायचे न्हाईत.

पण आधी ठरवून घेऊ, मग तिथं वाद नको. खिडकीची जागा जाताना तुमाला, येताना मला. बाळाची आंघोळ सोमवार, बुधवार, शुक्रवार माझी, मंगळवार, गुरुवार, शनिवार तुमची. रविवारी बाळाला सुट्टी. स्वयंपाक माझा. नाव काय ठेवायचं त्यात दोघींनी तोंड घालायचं न्हाई. घातलं तर दोघींनी मिळून घालायचं.

नवऱ्यांचं काय, म्हणाल. आमचे मालक भाकरी थापत्यात. चिमाजीभाऊंना काय येतं ते इचारून ठेवा.

तुमची,
प्रयागबाई

॥

कॅलगरी
६ मार्च २०२५, संध्याकाळ

प्रयागताई,

हे पत्र लिहून त्याचा फोटो तुमच्या फोनवर पाठवते. तुम्ही आत्ता हवेत आहात, फोन बंद आहे. लंडनला उतरून सुरू केलात की आधी हेच समोर यावं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आत्ताच नारायणगावहून आमच्या ह्यांचा फोन आला. मांडीच्या हाडात सळई घातली. हौशीरामभाऊ शुद्धीवर आहेत आणि त्यांनी चहा मागितला. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, मग पुढचं वाचा.

सकाळी फोन आला तेव्हा मला आधी नीट कळलंच नाही. कांदा साठवायच्या बराखीचा पत्रा ठोकायला भाऊ चढले आणि तिथून पडले, एवढंच कानात शिरलं. तुम्ही मात्र बाळाची अर्धी राहिलेली आंघोळ पुरी केलीत, अंग पुसलंत, दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलंत आणि मग बॅग काढलीत. गुरुवार होता, आंघोळ माझी होती. मी काही म्हटलं नव्हतं.

संस्कृती मागे लागली होती की मीही येते. तीन आठवड्यांची बाळंतीण. तुम्ही तिला रागावलात. मग दाराशी बूट घालताना मला म्हणालात, "बाई, लेक तुमच्या हवाली." आता लिहून सांगते, हवाली घेतली.

तुम्ही निघाल्यापासून संस्कृती फोनवर विमान बघत बसली आहे. गोकुळने तिला ते लावून दिलं. नकाशावर बोटाच्या पेराएवढं विमान, खाली सगळा बर्फाचा प्रदेश. ग्रीनलँड. इतकी वर्षं मी हा देश फळ्यावर पांढऱ्या खडूने काढला आणि मुलांना सांगितलं की इथे काही नाही, पुढे चला. आज त्याच्यावरून तुम्ही चालला आहात, तर मला तो संपता संपेना. पोरगी जेवेना. मी तुमच्यासारखी जवळ बसले, काही बोलले नाही. मग भात कालवून एक घास पुढे केला. तिने विमानावरची नजर काढली नाही, पण तोंड उघडलं. असं करून पूर्ण ताट संपवलं.

गोकुळ विचारत होता की आजीला अंतर किती उरलं हे बाळाला सांगू का. मी त्याला म्हटलं, तू आकडे सांगू नकोस.

येताना विमानात उलट्या कुणाला झाल्या आणि पिशवी कुणी धरली, हे आपल्या दोघींतच राहू द्या.

लंडनला चाकाच्या खुर्चीवाला माणूस तुमच्या नावाची पाटी घेऊन येईल. खुर्चीत बसा. "मी धडधाकट हाय" म्हणून त्याच्याशी वाद घालू नका.

वैजयंती

॥

नारायणगाव, दवाखान्यातून
१० मार्च २०२५

वैजयंतीबाई,

तुमचं पत्र लंडनला वाचलं. चाकाच्या खुर्चीत बसून वाचलं. ढकलणारा माणूस काळा, उंच व्हता, देवमाणूस. मी रडाया लागले तर तो थांबला, खाली वाकून इंग्रजीत कायतरी इचारलं. मी म्हणलं, चहा मागितला. त्याला वाटलं मला पायजे. त्यानं आणून दिला.

पण बाई, तुमच्या पत्रावर माझा पुरता इस्वास बसला न्हाई. चांगली बातमी लांबच्या माणसाला आधी सांगत्यात, वाईट घरी गेल्यावर. मुंबईपतूर मी हेच धरून बसले व्हते. सयाजी गाडी घेऊन न्यायला आला, त्याचं तोंड बघत राहिले. कल्याण गेलं, घाट चढला, तो गप. मला वाटलं, संपलं. आळेफाट्यावर धीर करून इचारलं तर म्हणाला, काकू, तुमाला विमानाची झोप असंल म्हणून मी बोललो न्हाई.

दवाखान्यात गेले. दार ढकललं तर आमचे मालक उशाला टेकून बसलेले, पायाला ही एवढी पट्टी. शेजारच्या खाटेवर तुमचे चिमाजीभाऊ मांडी घालून बसलेले. मधे स्टुलावर पत्ते. दोघांच्या हातात ग्लासभर चहा. पडले त्या दिशीच भाऊ पारगावावरनं आले, दवाखान्याच्या कागदावर सही त्यांनीच केली. ऑपरेशनच्या येळी बाहेर उभे राहिले, तवापासनं घरी गेलेच न्हाईत. नर्स सांगत व्हती, ह्या आजोबांना आमी दोनदा जा म्हणलं. त्यास्नी वाटलं पेशंटलाच घरी सोडत्यात, म्हणून दोन्ही येळेला नको म्हणले.

मी दारातच उभी. चौदा हजार किलोमीटर एका दमात आलेली बाई. मालकांनी पत्त्यावरनं मान वर केली.

"एवढ्या लवकर कशाला आलीस?"

मी पिशवी खाली ठेवली आन खाटेच्या कडेला बसले. चिमाजीभाऊंनी पत्ते गोळा केले, पण डाव कुणाचा किती झाला ते आधी दोघांनी बोलून घेतलं. मग भाऊ बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले आन तिथंच उभ्यानं म्हणाले, "वहिनी, नातीचं तोंड कुणावर गेलंय?" मी मोबाईलवरचा फोटू दावला. दोघांनी चष्मे लावले. मालक म्हणाले, नाक आळ्याचं हाय. भाऊ म्हणाले, कपाळ पारगावचं. दोघं त्याच्यावरबी बराच येळ बोलत बसले.

मी मग त्यांच्या पायाशी हात ठेवून बसले. पाय गरम लागला. तवा कुठं मला खरं वाटलं.

डॉक्टर म्हणत्यात दीड महिना हालायचं न्हाई. परवा घरी सोडत्यात. चिमाजीभाऊंनी तुमच्या पारगावच्या घराला कुलूप लावलंय आन आळ्याला आमच्याकडं राहायला येत्यात. कुणी बोलवलं न्हाई, त्यांनीच कळवलं. भाकरी शिकून घेणार हायेत म्हणं. ओट्यावर बसून ट्रॅक्टर मोजायचे ते आता आमच्या रस्त्यावरचे मोजतील, आन मालक त्यास्नी चुकीचे ठरवतील. दोघांचं ठरलंय, मला कुणी इचारलं न्हाई.

संस्कृती जेवली ह्ये वाचून बरं वाटलं. तुमी घास भरवलात, तो तिनं घेतला. माझ्या हातचा ती पाचवीपासून घेत न्हाई. असू द्या.

तुमचं परतीचं तिकीट पुढल्या महिन्यातलं हाय. गोकुळरावांना सांगा, पुढं ढकलता येत असंल तर ढकला. तिकडचा बर्फ सरून नातीला ऊन लागेपतूर थांबा. मागं काय व्हईल ह्याची काळजी करू नका. इथं तुमची वाट कुणीसुदिक बघत न्हाई.

तुमची विहीण,
प्रयागबाई